प्लेट तोंडात हवी, डब्यात नको

“दहावी होऊ दे, मग बघू.” मुलाचे दात पुढे आहेत, खालचा जबडा मागे आहे, असं दंतवैद्याने सांगितलं की गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत बहुतेक घरांतली चर्चा या वाक्यावर येऊन थांबते. त्यामागची काळजी खरी असते. शाळा, ट्यूशन, परीक्षा यांच्या रगाड्यात जबडा पुढे आणणारी, काढता-घालता येणारी प्लेट तोंडात घालून मूल बोलणार कसं आणि जेवणार कसं, असं आईबापांना वाटणारच. पण जबड्याच्या बाबतीत हे थांबणं फार महागात पडतं. वाकडे दात पंधराव्या वर्षी सरळ करता येतात तसे चाळिसाव्या वर्षीही येतात. मागे राहिलेल्या जबड्याला वाढीच्या ओघात पुढे आणायचं तर मात्र हातात दोन-अडीच वर्षंच असतात. दहावीची परीक्षा होईपर्यंत मुलींची ती वर्षं बहुधा निघून गेलेली असतात, आणि मुलांची सरत आलेली.

‘दात पुढे आहेत’ ही तक्रार एकच, पण तिच्या मुळाशी वेगवेगळ्या गोष्टी असतात. कधी वरचा जबडा खरोखरच पुढे वाढलेला असतो. कधी अंगठा चोखून वरचे पटाशीचे दात नुसते बाहेर झुकलेले असतात. आणि बऱ्याचदा वरचं सगळं जागच्या जागी असून खालचा जबडाच मागे राहिलेला असतो. अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये चाव्याचे तीन वर्ग पाडले ते सहाव्या वर्षाच्या सुमारास येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेवरून. वरच्या दाढेच्या मानाने खालची दाढ मागे बसली तर दुसरा वर्ग, फार पुढे बसली तर तिसरा. आजही डॉक्टर केसपेपरवर ‘क्लास टू’ लिहितात ते हेच. मात्र दाढेवरून जबड्याचं पूर्ण कळत नाही, त्यासाठी चेहरा बघावा लागतो.

घरी करून बघता येईल अशी एक साधी परीक्षा आहे. मुलाला उजेडात उभं करा, मागच्या दाढा मिटून ओठ सैल सोडायला सांगा आणि चेहऱ्याचा बाजूने फोटो काढा. मग खालचा जबडा पुढे सरकवून वरखालचे पटाशीचे दात कडेला कड लावायला सांगा, ओठ अलगद मिटू द्या आणि तसाच दुसरा फोटो काढा. दुसऱ्या फोटोत हनुवटी उठून दिसली, ओठ न ताणता मिटले, चेहरा बरा दिसला, तर दोष खालचा जबडा मागे राहण्याचाच आहे, आणि जबडा पुढे आणणाऱ्या प्लेटचा या मुलाला उपयोग होण्याची शक्यता चांगली. तोंड आणखीच पुढे आल्यासारखं वाटलं तर उपचाराचा रस्ता वेगळा. ऑर्थोडॉन्टिस्टसुद्धा (दात-जबडे जागेवर आणणारे तज्ज्ञ) खुर्चीत बसवल्यावर आधी हेच करून बघतात. त्याच वेळी दाढांकडेही नजर टाकावी. जबडा पुढे आल्यावर खालच्या दाढा वरच्या दाढांच्या बाहेर पडताना दिसल्या तर वरची कमान अरुंद आहे, आणि ती रुंद करणारा स्क्रू प्लेटमध्ये लागणार.

दात पुढे किती आहेत हेही मोजता येतं. जिचा शून्य अगदी टोकापासून सुरू होतो अशी छोटी स्टीलची पट्टी आडवी धरून खालच्या मधल्या दाताच्या पुढच्या बाजूला टेकवायची आणि वरच्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर वाचायचं. २ ते ३ मिलिमीटर हे नेहमीचं. ३ च्या पुढे गेलं की पडल्या-आपटल्यावर वरचे दात दुखावण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. आपल्याकडे संध्याकाळी शेतात आणि मैदानात फुटबॉल खेळणारी मुलं किती, हे सांगायला नको. दिसण्याच्या प्रश्नाइतकाच हा प्रश्न मोडणाऱ्या दातांचा आहे. अशा मुलाने खेळताना माउथगार्ड घालावा. आणि कायमचा दात मुळासकट निखळून पडलाच, तर तो मुळाकडून न धरता वरच्या भागाला धरावा. माती लागली असेल तर दुधाने किंवा पाण्याने क्षणभर विसळावा, घासू नये, जमलं तर तिथेच खोबणीत बसवावा, नाहीतर दुधात घालून अर्ध्या-पाऊण तासात दवाखाना गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

आता वेळेबद्दल. उंची झपाट्याने वाढते त्याच सुमारास खालचा जबडाही झपाट्याने वाढतो. हा झपाटा मुलींत साधारण ११ ते १३ आणि मुलांत १३ ते १५ या वयात येतो, पण शाळेच्या दाखल्यावरच्या वयावर विसंबून चालत नाही. एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात दोन वर्षांचा फरक सहज असतो. म्हणून डोक्याचा बाजूने एक्स-रे काढतात, त्याला लॅटरल सेफॅलोग्राम म्हणतात. त्यात जबड्यांची मापं मिळतातच, शिवाय मानेचे वरचे मणकेही दिसतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्याची खालची कड सपाट न राहता आत वळू लागली की झपाटा वर्षभरात येणार असं समजायचं. चौथ्याचीही कड वळली की तो नुकताच येऊन गेलेला किंवा उतरणीला लागलेला असतो. प्लेटचं सर्वांत चांगलं काम या दोन टप्प्यांच्या आसपास होतं. आईला डॉक्टर मुलीच्या पाळीबद्दल विचारतात तेही यासाठीच. पाळी सुरू होते ती सहसा वाढीचा शिखरकाळ होऊन गेल्यावर. यात संकोच करण्यासारखं काही नाही, खरं उत्तर दिलं की योजना नीट ठरते.

मग आठव्या वर्षीच सुरुवात केलेली बरी नाही का? दुसऱ्या वर्गाच्या चाव्यासाठी लवकर घाई करून फारसं काही हाती लागत नाही, हे आता पुरेशा अभ्यासांतून दिसलेलं आहे. आठव्या-नवव्या वर्षी एकदा प्लेट आणि बाराव्या वर्षी पुन्हा तारा, अशा दोन हप्त्यांत उपचार घेतलेली मुलं आणि वयात येताना एकदाच उपचार घेतलेली मुलं शेवटी जवळजवळ सारख्याच ठिकाणी पोचतात. लवकरच्या उपचाराचा ठळक फायदा एकच, मधल्या काळात पुढचे दात मोडण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणून दात फारच पुढे असलेल्या, धडपड्या मुलासाठी किंवा शाळेत चिडवाचिडवीने कोमेजलेल्या मुलासाठी लवकर सुरुवात करावी. बाकीच्यांनी दर सहा महिन्यांनी उंची मांडून ठेवावी आणि झपाट्याची चाहूल लागली की उठावं.

खालचा जबडा पुढे आणणारी प्लेट ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. व्हिगो आंद्रेसेन यांचा अ‍ॅक्टिव्हेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा. तो एकसंध ठोकळा होता, तो घालून बोलणं-खाणं अशक्यच, म्हणून रात्रीपुरता. आज आपल्याकडे सर्वांत जास्त दिली जाते ती ट्विन ब्लॉक, स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये बनवलेली. त्यांच्या ओळखीतल्या एका दंतवैद्याच्या मुलाचा वरचा पुढचा दात पडून निखळला होता. परत बसवलेल्या दाताच्या मागे खालचा ओठ सारखा अडकायचा आणि दात हलता राहायचा. ओठ तिथे जाऊ नये म्हणून जबडा पुढे धरायचा होता, तोही दिवसभर, जेवतानासुद्धा. त्यातून दोन सुट्या भागांची ही प्लेट निघाली. वरची वर बसते, खालची खाली. दोन्हींवर दाढांच्या जागी अ‍ॅक्रिलिकचे (कडक प्लास्टिकचे) ठोकळे असतात आणि त्यांच्या समोरासमोर येणाऱ्या बाजू तिरप्या उतरवलेल्या असतात, पूर्वी ४५ अंशांत, पुढे सुमारे ७० अंशांत. तोंड मिटलं की खालचा उतार वरच्या उताराच्या पुढे जाऊन टेकतो आणि जबडा पुढेच मिटतो. मागे मिटायला गेलं तर ठोकळ्यावर ठोकळा आपटतो.

या प्लेटचं सगळं भवितव्य एका मेणाच्या तुकड्यावर ठरतं. आधी दोन्ही जबड्यांची मापं घेतात, अल्जिनेट नावाच्या मऊ लगद्याने किंवा आता काही ठिकाणी स्कॅनरने. मग गुलाबी मेण कोमट पाण्यात मऊ करून घोड्याच्या नालेच्या आकारात दाढांवर ठेवतात आणि मुलाला जबडा पुढे आणून चावायला लावतात. आरशात दोन-चार वेळा सराव करून घेतल्याशिवाय हे जमत नाही. मूल घाबरून अर्धवट पुढे येतं किंवा एका बाजूला सरकतं. दात १० मिलिमीटरपर्यंत पुढे असतील तर बहुधा एकदम कडेला कड येईपर्यंत जबडा आणता येतो. त्याहून जास्त असेल, किंवा मुलाला तेवढं जमत नसेल, तर दोन टप्प्यांत. पटाशीच्या दातांमध्ये सुमारे २ मिलिमीटर आणि पहिल्या उपदाढांमध्ये ५ ते ६ मिलिमीटर फट राहिली पाहिजे. ही उंची का, तर सैल बसलेल्या माणसाच्या वरखालच्या दातांत एरवीही २ ते ४ मिलिमीटर मोकळी जागा असतेच. ठोकळे त्याहून बुटके झाले तर मूल निवांत बसल्यावर जबडा उतारावरून निसटून मागे जातो, आणि प्लेट तोंडात असूनही काम शून्य. मेणात वरखालची मधली रेघ जुळली नसेल तर ती चूक प्लेटमध्ये उतरते आणि सहा महिन्यांनी हनुवटी एका बाजूला गेलेली दिसते. म्हणून मेण घेताना डॉक्टर पुन्हा पुन्हा चावायला लावत असतील तर ‘किती वेळ लावतात’ असं म्हणू नये.

प्लेट दातांना धरून राहते ती अ‍ॅडम्स क्लॅस्पमुळे. ०.७ मिलिमीटर जाडीच्या स्टीलच्या तारेचे दोन बाणासारखे कोपरे दाढेच्या गालाकडच्या बाजूला, हिरडीजवळच्या खोलगट जागेत अडकतात. कायमच्या दाढेला ही पकड छान मिळते. अडचण येते ती खाली. ११-१२ वर्षांच्या मुलाच्या खालच्या उपदाढा कधी अर्ध्याच वर आलेल्या असतात, कधी तिथे हलणारी दुधाची दाढ असते, आणि तारेला अडकायला जागाच नसते. मग खालची प्लेट जिभेवर तरंगते आणि मूल म्हणतं, ‘ती राहतच नाही.’ अशा वेळी मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. दातावर कॉम्पोझिटचा (दात भरायच्या मसाल्याचा) बारीक उंचवटा चिकटवून क्लॅस्पला आधार करून देता येतो, किंवा दोन-तीन महिने थांबून उपदाढा वर येऊ देता येतात.

पहिला आठवडा त्रासाचा असतो आणि तो तसा असणार हे मुलाला आधीच सांगितलेलं बरं. लाळ गळते, गालाचे स्नायू सकाळी दुखतात, ‘स’ आणि ‘श’ घसरतात, ‘चमचा’ मधला च तर अगदीच. रोज पंधरा मिनिटं प्लेट घालून मोठ्याने वाचलं की आठ-दहा दिवसांत बोलणं बरंच सुधारतं. जेवायला पहिले दोन-तीन दिवस पेज, मऊ भात, पातळ वरण. क्लार्क यांची मूळ कल्पना प्लेट घालूनच जेवायची आहे, कारण चावतानाच्या जोराने उतारांना खरं काम मिळतं. पण गोव्याच्या ताटात एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी, काटे. टाळूवर अ‍ॅक्रिलिकचं आवरण असलं की तोंडातला बारीक काटा जाणवत नाही, कवळी लावणाऱ्यांना हा अनुभव असतो. निदान पहिला महिना तरी तारले, पेडवे अशा काटेरी माशांसाठी प्लेट काढून ठेवावी. इसवणाचा तुकडा किंवा मोरी माशाचं हुमण चालेल. हळदीने प्लेट पिवळी पडते, त्याने काही बिघडत नाही. जेवण झाल्यावर लगेच गार पाण्याखाली मऊ ब्रशने आणि भांड्यांच्या साबणाच्या एका थेंबाने घासावी. टूथपेस्टने ओरखडे पडून त्यांत घाण बसते. आणि गरम पाणी कधीही नको. उकळत्या पाण्यात ‘निर्जंतुक’ करून आणलेली प्लेट वाकडी झालेली असते आणि ती पुन्हा बसवता येत नाही.

काढताना दोन्ही बाजूंच्या क्लॅस्पखाली नखं घालून दोन्हीकडून एकदम ओढायची, वरची प्लेट खाली आणि खालची वर. पुढची तार धरून ओढली की ती सैल होते. बसवताना बोटांनी दाबून बसवायची. बरीच मुलं ती दातांवर ठेवून चावून बसवतात, आणि क्लॅस्प तुटण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. तार अ‍ॅक्रिलिकमध्ये शिरते त्या वळणावर ती रोज थोडी थोडी वाकून शेवटी मोडते. तुटल्यावर फेविक्विक लावू नये, पक्कडीने वाकवू नये, तुकडे तसेच घेऊन जावेत. वरच्या प्लेटमध्ये स्क्रू असेल तर तो प्लेट तोंडाबाहेर काढून आठवड्यातून एकदा, बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवायचा. त्याने सुमारे पाव मिलिमीटर रुंदी मिळते. फेरा पूर्ण झाला का ते कळायची खूण सोपी आहे, पुढच्या वेळी चावी घालायचं भोक समोर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर फेरा अर्धवट राहिलाय.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते तास. प्लेट दाताला ओढत नाही, तिच्यात स्प्रिंगचा जोर नसतो. ती फक्त जबडा पुढे मिटवते आणि बाकीचं काम स्नायू, सांधा आणि वाढ करतात. तोंडाबाहेर काढली की जबडा जुन्या जागी जायला मोकळा. म्हणून डॉक्टर २२ तास सांगतात. पण अलीकडे प्लेटमध्ये तापमान टिपणारी बारीक चिप बसवून मोजलं गेलं आहे, आणि सांगितलेले तास व प्रत्यक्ष घातलेले तास यांत मोठी तफावत निघते. १२ तास सांगितलेल्या आणि २२ तास सांगितलेल्या मुलांची तुलना केली तेव्हा परिणामातही फारसा फरक दिसला नाही. माझं मत यावरून असं झालं आहे की कागदावरच्या २२ पेक्षा रोजचे खरे १४-१५ तास जास्त मोलाचे. आणि गोव्यात ते जमण्यासारखे आहेत. आपल्या बहुतेक शाळा दुपारी दीडच्या सुमारास सुटतात. घरी येऊन हातपाय धुतले की प्लेट तोंडात, ती दुसऱ्या दिवशी शाळेला निघेपर्यंत. मधले मैदानावरचे आणि गरज पडली तर ट्यूशनचे तास वजा केले तरी हिशेब बसतो. शाळेत प्लेट न्यायचीच नाही असं ठरवलं तर ती हरवण्याची शक्यताही जवळजवळ संपते. प्लेट हरवते ती बहुतेक वेळा कागदी रुमालात गुंडाळून, डबा खाताना. नवीन माप, नवीन प्लेट, त्यात गेलेले आठवडे, आणि वाढ काही तोवर थांबत नाही.

प्लेट घातली जाते की नाही हे ओळखायला चिप लागत नाही. नियमित घातलेल्या प्लेटच्या उतारांवर घासल्याच्या चकाकत्या खुणा असतात, टाळूवर तिच्या कडेचा फिकट ठसा असतो, आणि मूल ती सहज काढतं-घालतं. काही आठवड्यांनी तर प्लेट काढल्यावर जबडा जुन्या जागी मागे नेऊन चावणं त्याला नकोसं वाटतं. ही फार चांगली खूण. उलट सहा आठवड्यांनीही प्लेट कोरी करकरीत असेल आणि बोलणं अडखळत असेल, तर ती डब्यात राहिली आहे. तेव्हा रागावून उपयोग होत नाही. आधी दुखतंय कुठे ते बघावं. जिभेखाली टोचणारी कड घासून दिली की निम्मी भांडणं मिटतात. आणि नाक बघावं. पावसाळ्यात भिंतींना ओल, कपाटात बुरशी, आणि मुलाचं नाक तीन-तीन महिने चोंदलेलं. तोंडाने श्वास घेणारं मूल झोपेत तोंड उघडंच ठेवतं, मग उतार एकमेकांना भेटणार कसे? अशा मुलाला आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं.

दर सहा-आठ आठवड्यांच्या भेटीत एक काम फार बारकाईचं असतं. चावा खोल असलेल्या मुलात, म्हणजे वरचे दात खालच्यांना पूर्ण झाकतात अशा मुलात, वरच्या ठोकळ्याचा मागचा भाग खालच्या दाढेवरून १ ते २ मिलिमीटर खरवडतात. मोकळी जागा मिळाली की खालची दाढ हळूहळू वर येते आणि चाव्याची उंची वाढते. तिरपा उतार मात्र खरवडायचा नाही, तो गेला की जबडा पुढे धरणारं काही उरत नाही. आणि ज्या मुलाचा चेहरा लांबट आहे, पुढचे दात आधीच भेटत नाहीत, तिथे हे खरवडणं मुळीच करायचं नाही, दाढा वर आल्या तर पुढची फट आणखी उघडेल. त्याच प्लेटने एका मुलाचा फायदा आणि दुसऱ्याचं नुकसान होतं ते असं. उपकरण पुरवणाऱ्यापेक्षा त्यामागे बघणारा डोळा महत्त्वाचा, म्हणून हे काम एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या ऑर्थोडॉन्टिस्टकडूनच करून घ्यावं. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. सत्तरी तालुक्यातून किंवा काणकोणाहून यायला अर्धा दिवस जातो, हे खरं, पण दीड-दोन महिन्यांतून एकदाच यायचं असतं.

सहा ते नऊ महिन्यांत पुढे आलेले दात बहुधा भेटतात. त्यानंतर दाढांमध्ये फट राहिलेली असते. ती बघून आईबाप घाबरतात, पण ती अपेक्षित असते आणि पुढच्या तीन ते सहा महिन्यांत दाढा येऊन मिटते. त्या काळात वरच्या बाजूला पुढचा उतार असलेली साधी प्लेट देतात. या यशाचा खरा हिशेबही सांगायला हवा. जबड्याची जादा वाढ पाहिली तर ती सरासरी एक-दोन मिलिमीटरचीच असते. उरलेली सुधारणा वरचे दात मागे आणि खालचे पुढे झुकण्यातून येते. त्यामुळे ‘ऑपरेशनशिवाय नवी हनुवटी’ अशी जाहिरात कुणी करत असेल तर तिच्यावर विसंबू नये. आणि एक फसवणूक मूल नकळत करतं, डॉक्टरांसमोर जबडा पुढे धरून बसण्याची. म्हणून चावा तपासताना खुर्ची आडवी करून, जिभेचं टोक टाळूच्या मागे लावून दात मिटायला सांगतात. तिथे जबडा परत मागे गेला तर काम अजून बाकी आहे.

तिसऱ्या वर्गाचं, म्हणजे खालचा जबडा पुढे असण्याचं, वेळापत्रक नेमकं उलटं. तिथे वयात येण्याची वाट बघणं हीच चूक, कारण झपाट्यात खालचा जबडा आणखी पुढे जातो. वरचा जबडा पुढे ओढणारा फेस मास्क, कपाळ आणि हनुवटीवर टेकणारा, दर बाजूला सुमारे ३५० ते ४५० ग्रॅम जोराच्या रबरांनी, रोज १२-१४ तास, हे दहाव्या वर्षाच्या आत सर्वांत चांगलं साधतं. तो घालून शाळेत जायची गरज नसते. घरात आजोबांचा, वडिलांचा जबडा पुढे असेल तर सातव्या वर्षीच एकदा दाखवावं. अशा काही मुलांना सगळं करूनही वाढ संपल्यावर शस्त्रक्रिया लागते, हे आधीच सांगितलेलं बरं. टाळू अरुंद असेल तर दाढांना पक्का चिकटवलेला हायरॅक्स स्क्रू बसवतात. तो घरीच, बहुधा दिवसातून दोनदा पाव पाव फेरा फिरवायचा, चावीला दोरा बांधून, म्हणजे ती घशात जाणार नाही. आठवड्याभरात वरच्या दोन दातांमध्ये फट पडते. ती टाळूची शिवण उघडल्याची खूण आहे आणि नंतर आपोआप भरून येते. हे सगळं वाढत्या वयातच, शिवण घट्ट गुंतली की स्क्रू नुसते दात झुकवतो.

प्लेट घालणं ज्याला जमतच नाही, किंवा जो उशिरा आला, त्याच्यासाठी दातांना पक्कं बसवलेलं उपकरण असतं. एमिल हर्ब्स्ट यांनी असं उपकरण १९०९ मध्ये बर्लिनमध्ये दाखवलं होतं. मग ते विस्मरणात गेलं, आणि १९७९ मध्ये हान्स पँकर्झ यांनी पुन्हा वापरात आणलं. काढता येत नसल्याने तासांचा वाद उरत नाही. मात्र खालचे पुढचे दात त्याने जास्त झुकतात, आणि नळ्या-दांडे तुटण्याचं प्रमाणही बरंच.

प्लेटनंतर बहुतेकांना वर्ष-दीड वर्ष तारा लागतात, आणि तिथे जबडा धरून ठेवायचं काम रबरांकडे येतं. वरच्या सुळ्यापासून खालच्या दाढेपर्यंत, दोन्ही बाजूंना सारखी. रबर एका दिवसात सैल पडतं, ते रोज बदलायचं. एका बाजूला लावून दुसरी विसरलं तर मधली रेघ सरकते. लवकर संपावं म्हणून दोन-दोन लावली तर दात दुखतात आणि नको तिकडे झुकतात. तारा असताना जत्रेतलं खाजं, चिक्की, फुटाणे बंद. काकणं (बांगडीसारखे कडक पाव) चहात मऊ करून, उंड्याची, म्हणजे गोल पावाची, कडक कड काढून. चवथीच्या नेवऱ्या खाव्यात, पण खाऊन लगेच ब्रश. ब्रॅकेटच्या (तार धरणाऱ्या, दातावर चिकटवलेल्या तुकड्याच्या) कडेने दातावर पांढरे डाग पडायला महिनाही पुरतो, आणि ते तारा काढल्यावर तसेच राहतात. झोपण्यापूर्वी ०.०५ टक्के सोडियम फ्लोराइडने चूळ भरावी.

तारा निघाल्यावर रिटेनर, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारं उपकरण. वर तार-अ‍ॅक्रिलिकचा हॉली किंवा पारदर्शक साचा, खाली पुष्कळदा दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार. पहिले सहा महिने जवळजवळ दिवसभर, नंतर रोज रात्री, निदान वाढ पूर्ण थांबेपर्यंत. मागची तार एका दाताला सुटली तर दुखत नाही, म्हणून कळत नाही. महिन्यातून एकदा जिभेने आणि आरशात तपासावी. रिटेनर दोन-चार रात्री राहून गेला आणि घट्ट लागू लागला तर दोन दिवस पूर्णवेळ घालावा, बसतो. बसतच नसेल तर जोर करू नये, तसाच घेऊन डॉक्टरांकडे जावं.